दादरच्या एका तबला-कारागिराचे दुकान : एका वादकाचा अभिप्राय

दादर पश्चिमेला स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडून दहा-बारा मिनिटे चालल्यावर, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर तबला-डग्गा घडवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे एक लहानसे दुकान आहे. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण हातात असलेले कामच वेळेवर पुरे होत नाही, त्यात नवी गिऱ्हाइके कुठे सांभाळू, असे म्हणून कारागिरांनी स्वतःच नाव छापू नये अशी विनंती केली. तरीही लिहिणे मला आवश्यक वाटते. साथसंगत आणि शिकवणी यांवर माझा चरितार्थ चालतो, आणि तबला कुठे दुरुस्त करावा, नवा कुणाकडून घ्यावा, हा प्रश्न मला विद्यार्थी आणि त्यांचे पालक सतत विचारत असतात. चांगले दुकान कशावरून ओळखावे, याचे उत्तर या एका दुकानाच्या कामावरून नीट देता येते. माझी आणि माझ्या विद्यार्थ्यांची वाद्ये गेली अनेक वर्षे येथेच जातात, तेव्हा हा अभिप्राय एखाद्या खरेदीवर बेतलेला नाही.

तबलावादकाचे चरित्र लिहिले जाते तेव्हा त्यात गुरू येतात, घराणे येते, मैफली आणि मानसन्मान येतात. उस्ताद अल्लारखाँ यांच्याविषयी बोलताना आपण जम्मूकडच्या फगवाल गावात १९१९ साली झालेला त्यांचा जन्म, पंजाब घराण्याचे मियाँ कादिरबख्श यांच्याकडची तालीम, लाहोर आणि पुढे मुंबई आकाशवाणीवरची नोकरी, ए. आर. कुरेशी या नावाने दिलेले चित्रपटसंगीत, पंडित रविशंकर यांना केलेली साथ, अमेरिकेतला १९६७ चा माँटेरी आणि १९६९ चा वुडस्टॉक संगीत महोत्सव, हे सगळे क्रमाने सांगतो. या संपूर्ण प्रवासात निरनिराळ्या हवेत, निरनिराळ्या सभागृहांत, कातड्याचे आणि लाकडाचे ते वाद्य प्रत्येक वेळी सुरात यावे लागले असणार. ते सुरात येण्याजोगे कुणी घडवले, त्याची पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेले कातडे, कुणी चढवली, पुडीवरची शाई, म्हणजे तो काळा गोल, कुणी भरली, याची नोंद चरित्रकार क्वचितच करतात. मला असे ठामपणे वाटते की वादकाच्या आयुष्यात गुरूच्या खालोखाल जर कुणाची निवड महत्त्वाची असेल तर ती कारागिराची, आणि विद्यार्थिदशेपासून मैफलीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर वादकाची गरज बदलत जाते हे ओळखणारा कारागीर मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. दादरचे हे दुकान या कसोटीला उतरते.

येथे काम घेण्याची पद्धतच वेगळी आहे. बहुतेक दुकानांत तुम्ही तबला पुढे ठेवता, दुकानदार बोटाने एकदा टिचकी मारतो आणि 'पुडी बदलावी लागेल' असे सांगून मोकळा होतो. येथे काका, म्हणजे मुख्य कारागीर, वाद्याला हातही लावण्याआधी तुम्हाला वाजवायला बसवतात. थोडा तीनतालाचा ठेका, मग एखादा कायदा, म्हणजे बोलांची बांधीव रचना, मग नुसते 'ना' आणि 'तिं' हे बोल आलटून पालटून. ते स्वतः त्या वेळी डोळे खाली घालून वादी, म्हणजे पुडी ताणून धरणारी चामड्याची पट्टी, कापत असतात किंवा दुसऱ्या एखाद्या पुडीचा गजरा, म्हणजे कडेची चामड्याची वीण, विणत असतात, आणि तुम्हाला वाटते की त्यांचे लक्ष नाही. मग मान वर करून ते विचारतात, "साथ कुणाची करता सध्या? बाईंची की बुवांची? सूर कोणता?" त्यानंतर घरे, म्हणजे पुडीच्या काठाचे सोळा भाग, तपासली जातात. हातोडीने गजऱ्यावर हलके ठोके देत सोळाही घरांचा स्वर एकसारखा येतो का, हे पाहिले जाते, आणि दोष वाद्यात आहे की केवळ गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, सरकल्यामुळे घरे वरखाली झाली आहेत, याचा निर्णय होतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या तबल्याला उपनगरातल्या एका दुकानात नवी पुडी सुचवण्यात आली होती. काकांनी वादी पुन्हा ओढून, दोन गठ्ठे बदलून, घरे मिळवून तो तबला तिच्या हाती परत दिला आणि पुडी अजून एक पावसाळा सहज काढेल असे सांगितले. त्यांनी त्या कामाचे घेतलेले पैसे पुडीच्या किमतीच्या पासंगालाही पुरले नसते.

दुकानाचे खरे सामर्थ्य पुडीत आणि त्याहून अधिक शाईत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तबल्याच्या पुडीत बकरीच्या कातड्याचे दोन थर असतात. वरच्या थराचा मधला भाग कापून कडेला जी पट्टी उरते ती चाट. चाट आणि शाई यांच्यामधला उघडा भाग म्हणजे लव किंवा मैदान. आणि मधोमध शाई. कातडे निवडतानाच अर्धे काम होते. सर्वत्र सारख्या जाडीचे, चरबीचा अंश न राहिलेले, उन्हात घाईने न सुकवलेले कातडे हवे. काका कातडे उजेडासमोर धरून पाहतात, दोन बोटांच्या चिमटीत त्याची जाडी चाचपतात, आणि पसंत न पडलेले कातडे सरळ बाजूला टाकतात. ढोलकी-नालीच्या कामाला ते चालते, तबल्याला चालत नाही, असे त्यांचे म्हणणे.

शाई भरण्याचे काम पाहण्यासाठी तर प्रत्येक तबला शिकणाऱ्याने एकदा तरी अशा दुकानात दोन-तीन तास बसावे. पीठ शिजवून केलेल्या खळीत लोखंडाची बारीक पूड आणि कोळशाची भुकटी मिसळून जो काळा लगदा तयार होतो, तो बोटाने अगदी पातळ थरात लावला जातो. थर ओला असतानाच त्यावर गुळगुळीत काळ्या दगडाने घोटाई सुरू होते. घोटता घोटता तो थर कोरडा पडतो, तापतो आणि त्याला केसासारख्या सूक्ष्म भेगा जातात. मग दुसरा थर, तो पहिल्याहून थोडा आत. मग तिसरा, आणखी आत. असे थरावर थर चढून शाई मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होते. त्या सूक्ष्म भेगांमुळेच हा कडक लेप कातड्याबरोबर मोकळेपणाने कंप पावतो. भेगा न पाडता एकदम जाड थर दिला तर वाद्य मुके होते, आणि काही महिन्यांत शाईच्या खपल्या उडू लागतात. घाईच्या कामाची ही हमखास खूण आहे. नवा तबला घेताना शाईवर प्रकाश तिरपा पाडून पाहावे: भेगांची जाळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, आणि बोट फिरवल्यावर शाई खरखरीत न लागता रेशमी लागली पाहिजे.

या काळ्या वर्तुळाचे महत्त्व भौतिकशास्त्रानेही मान्य केले आहे, आणि ते काम आपल्याच देशात झाले याचा मला अभिमान वाटतो. साध्या ताणलेल्या पडद्यावर आघात केला तर त्यातून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून साध्या ढोलाचा आवाज निश्चित स्वरात ऐकू येत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात सहलेखकासह प्रसिद्ध केलेल्या टिपणात भारतीय तालवाद्यांचे हे वेगळेपण दाखवले: मधल्या लेपाच्या वजनामुळे मृदंग आणि तबल्यासारख्या वाद्यांचे वरचे स्वर पूर्णांकी पटीत येतात, आणि म्हणूनच ही वाद्ये तारेसारखी स्वरात बोलतात. पुढे १९३० च्या दशकात त्यांनी त्यावर अधिक सविस्तर लिहिले. दादरच्या दुकानातल्या काकांनी रामन यांचे टिपण वाचलेले नाही. पण शाईचा शेवटचा थर देताना ते दर थोड्या घोटाईनंतर थांबून 'तिं' वाजवतात आणि आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, किती वेळ टिकते ते ऐकतात. आस हवी तेवढी लांबली की हात थांबतो. एका थराने जास्त शाई झाली तर स्वर उतरतो आणि आवाज जड होतो, एका थराने कमी राहिली तर तो उथळ आणि टणक लागतो. हे प्रमाण मोजपट्टीवर सापडत नाही. काकांचा मुलगा आता हे काम शिकतो आहे आणि त्याची शाई देखील चांगली असते, पण शेवटचे दोन थर अजून वडीलच देतात, आणि तुम्हाला मैफलीसाठी तबला हवा असेल तर तसे आधी सांगून ठेवणे चांगले.

दुसरी गोष्ट, जी मला इतरत्र कुठेच अनुभवाला आली नाही, ती म्हणजे वादकाचा बाज, म्हणजे वादनाची शैली, ओळखून केलेली पुडी. दिल्लीचा बाज चाटेवरचा, दोन बोटांचा, बंद आणि नेमका. पूरबकडच्या बाजात लवेवरचे आणि शाईवरचे खुले बोल अधिक. पंजाब घराण्यावर पखवाजाची छाप मोठी. मुंबईत फरुखाबाद घराण्याचे वादन खोलवर रुजले आहे, आणि त्याचे मोठे श्रेय येथे दीर्घकाळ राहून शिष्यवर्ग घडवणाऱ्या उस्ताद अमीर हुसेन खाँ यांना जाते. पंडित पंढरीनाथ नागेशकर आणि पंडित निखिल घोष यांच्यासारख्या वादक-गुरूंनी त्यांच्याकडून विद्या घेतली. निखिल घोष यांनी १९५६ साली मुंबईत संगीत महाभारतीची स्थापना केली. अमीर हुसेन खाँ ज्यांच्याकडे शिकले त्या उस्ताद मुनीर खाँ यांचेच दुसरे शिष्य उस्ताद अहमदजान थिरकवाँ. एकाच गुरूकडे शिकूनही दोघांच्या हाताचा लगाव वेगळा होता, हे त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

हा फरक वाद्यावर कसा उतरतो? चाटेवर वाजवणाऱ्यासाठी काका चाटेची पट्टी किंचित रुंद आणि घट्ट ठेवतात, जेणेकरून 'ना' काठावर तुटक आणि स्वच्छ येतो. खुल्या बाजाच्या वादकासाठी ते चाट थोडी अरुंद करून मैदान मोकळे सोडतात, म्हणजे 'तिं' आणि 'तूं' यांना जागा मिळते. फरक दोऱ्याएवढाच असतो. पण दिवसाकाठी चार-पाच तास रियाज करणाऱ्याच्या बोटांना तो पहिल्याच आवर्तनात जाणवतो. नव्याने शिकणाऱ्या मुलासाठी मात्र ते असला कोणताही फरक करत नाहीत. "आधी हात बसू दे, मग बाज विचारू," असे पालकांना स्पष्ट सांगतात, आणि मध्यम वजनाच्या खोडावर, म्हणजे तबल्याच्या लाकडी भांड्यावर, साधी, टिकाऊ पुडी चढवून देतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. पहिल्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला महागडा मैफलीचा तबला विकणे त्यांना सहज जमले असते. अनेक पालक तशी तयारी ठेवूनच येतात.

साथीचा टप्पा आला की प्रश्न आणखी बदलतो. मुंबईतल्या साथीदाराच्या आयुष्यात एका आठवड्यात एखादा गायक काळी एकमध्ये (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात), दुसरा काळी दोनमध्ये, एखाद्या गायिकेचा षड्ज काळी चारवर, दुसरीचा काळी पाचवर, शिवाय मध्येच एखादे सतारवादन, असा सगळा पसारा असतो. एका तबल्यावर हे निभत नाही. तोंड जितके लहान तितका तबला चढ्या स्वराला बोलतो, जितके मोठे तितका ढाल्या स्वराला. काळी एकसाठी साधारण सव्वापाच ते साडेपाच इंचांचे तोंड पुरते, तर काळी चारच्या ढाल्या षड्जासाठी सहा इंच किंवा त्याहून किंचित मोठे लागते. ओढूनताणून एकच तबला सगळीकडे चढवत-उतरवत राहिले तर पुडी थकते, आस मरते आणि गायकाला आधार मिळत नाही. साथीदाराने गायकाच्या षड्जात मिसळून जावे, ही अपेक्षा आपल्या परंपरेत जुनी आहे. थिरकवाँ गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ करत असत, ती साथ ऐकलेल्या पिढीने तबल्याच्या गोडव्याविषयी जे सांगून ठेवले आहे, त्यात लयीइतकेच स्वराला महत्त्व आहे.

या दुकानात वेगवेगळ्या तोंडांची जुनी खोडे साठवून ठेवलेली असतात. शिसव, खैर, बाभूळ, बिवळा, अशी वेगवेगळ्या लाकडांची खोडे फळीवर ओळीने मांडलेली असतात, आणि त्यांतली काही तर कुणा निवृत्त वादकाच्या घरून आलेली, पन्नासहून अधिक वर्षे सुकलेल्या लाकडाची असतात. नवे खोड चांगले दिसते, पण लाकूड पुरते सुकलेले नसेल तर पुढे तडकते. म्हणून काका गिऱ्हाइकाला शक्यतो जुनेच खोड सुचवतात. जड खोड चुंबळीवर स्थिर बसते आणि त्याचा आवाज भरीव येतो, हे खरे; पण लोकलने प्रवास करणाऱ्या साथीदाराला दोन तबले आणि एक डग्गा खांद्यावर वाहायचा असतो, याचाही ते विचार करतात. माझ्या काळी चारच्या तबल्यासाठी त्यांनी मुद्दाम थोडे हलके खोड निवडले, आणि आवाजात जो थोडा फरक पडला तो शाईच्या प्रमाणातून भरून काढला. वसई-विरारहून किंवा कल्याण-डोंबिवलीहून गाडीच्या गर्दीत वाद्य घेऊन येणाऱ्या मुलांना या विचाराची किंमत नेमकी कळेल.

डग्ग्याच्या बाबतीत मात्र मी एवढ्या मोकळ्या मनाने शिफारस करू शकत नाही. डग्ग्याचे भांडे ते बाहेरून आणतात, ते तांब्याचे असते किंवा पितळेचे, आणि भांड्याची निवड चांगली असते. पुडी मात्र मला नेहमी गरजेपेक्षा कडक वाटते. डग्ग्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूला असते, आणि मनगटाच्या दाबाने स्वर खालीवर नेण्यासाठी समोरचे मैदान लवचीक असावे लागते. येथल्या नव्या डग्ग्यावर पहिले काही आठवडे तो घुमारा येत नाही. मनगट दुखेपर्यंत वाजवावे तेव्हा कुठे पुडी मोकळी होते. अजराडा घराण्याच्या कायद्यांत डावा हात जितका बोलका असतो, तितक्या बोलक्या वादनासाठी हा डग्गा मी विद्यार्थ्याला सुचवणार नाही. काकांना हे मी सांगितले आहे. सैल पुडी लवकर फाटते आणि मग गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते, असे त्यांचे उत्तर असते, आणि त्यात तथ्य असले तरी माझे समाधान होत नाही. अनुभवी वादकाने आपली गरज आग्रहाने सांगून, पुडी चढवताना समोर बसून काम करून घेतले तर निकाल चांगला येतो. नट-बोल्टचा तबला किंवा डग्गा ते करत नाहीत, आणि करून मागितला तर दुसरीकडे जायला सांगतात; परदेशी प्रवास असणाऱ्यांना याची अडचण होऊ शकते.

मुंबईच्या हवेचा प्रश्न वेगळाच. जून ते सप्टेंबर या काळात कातडे दमट हवेतली ओल शोषून घेते, सैल पडते आणि स्वर उतरतो. त्याच संध्याकाळी वातानुकूलित सभागृहात नेले की ते आकसते आणि स्वर चढू लागतो, तोही ऐन विलंबित ख्यालात. पावसाळ्यात शाई सुटण्याची भीतीही अधिक. काकांच्या दुकानात त्या चार महिन्यांत नवी शाई भरण्याचे काम शक्यतो घेतले जात नाही, आणि घेतलेच तर दुप्पट वेळ मागितला जातो, कारण थर नीट सुकत नाहीत. पैसे समोर दिसत असताना काम नाकारणारे दुकान विरळाच. वाद्य घरी कसे ठेवावे याविषयी त्यांच्या सूचना साध्या आहेत: जाड सुती कापडात गुंडाळावे, भिंतीला टेकवून ठेवू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, आणि उन्हात किंवा शेगडीजवळ तापवण्याचा मोह टाळावा. कातडे तापवून चढवलेला स्वर तासाभरात उतरतो आणि पुडीचे आयुष्य कमी करून जातो.

अलीकडे दुकानात येणाऱ्या मुलांची एक नवी मागणी असते. ती फोनवर उस्ताद झाकीर हुसेन यांच्या मैफलीची चित्रफीत लावून दाखवतात आणि 'असा आवाज हवा' म्हणतात. झाकीरभाईंचा जन्म १९५१ सालचा, दादरपासून दोनच स्टेशनांवर असलेल्या माहीमचा, शाळाही माहीमचीच. वडील उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून लहानपणीच मिळालेली तालीम, बालवयात सुरू झालेल्या मैफली, १९७३ साली इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्यासह उभा केलेला 'शक्ती' हा वाद्यवृंद, २०२३ चे पद्मविभूषण, २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच समारंभात मिळालेले तीन ग्रॅमी पुरस्कार, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेले निधन, हे सगळे या मुलांना तोंडपाठ आहे. वडिलांच्या स्मृतिदिनी, म्हणजे ३ फेब्रुवारीला, किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून होणाऱ्या कार्यक्रमाला ज्या मुंबईकरांनी हजेरी लावली आहे, त्यांना त्या नावाची ओढ वेगळी समजावून सांगायला नको. ती ओढ माझ्याही मनात आहे, आणि ते आता तेथे दिसणार नाहीत याचे दुःख अजून ओसरलेले नाही.

काका या मुलांना हसत नाहीत किंवा झिडकारत नाहीत. ते चित्रफीत पूर्ण ऐकतात आणि मग शांतपणे समजावतात की त्यातला डग्ग्याचा खोल आवाज पुष्कळसा मायक्रोफोनच्या जागेवर आणि ध्वनियोजकाच्या कामावर अवलंबून आहे, 'ना'ची धार बोटांची आहे, आणि पुडीकडून मिळू शकते ती फक्त स्वच्छ घरे आणि टिकणारी आस. मग त्या मुलाकडूनच वाजवून घेतात आणि त्याच्या बोटाचा ठोका चाटेवर नेमका कुठे पडतो ते दाखवतात. खरे पाहता हे काम गुरूचे. पण अनेक मुले आज चित्रफिती पाहूनच शिकू लागली आहेत, आणि त्यांच्या हाताची जागा पहिल्यांदा कुणी पाहते ते या दुकानात. एका मुलाला त्यांनी नवा तबला न विकता, आधी गुरू शोध आणि सहा महिन्यांनी ये, असे सांगून परत पाठवल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

आता व्यवहाराविषयी. दर वाजवी आहेत, पण स्वस्त नाहीत. तबल्याची पुडी बदलायला उपनगरातल्या दुकानांपेक्षा पाव पट अधिक मोजावे लागतात, आणि कातड्याची प्रत पाहता ते योग्य आहेत. दर आधी सांगितला जातो आणि नंतर वाढत नाही. पावती मात्र मिळत नाही. एका वहीत नाव आणि खोडावर खडूने खूण, एवढीच नोंद. संस्था किंवा शाळेसाठी काम करून घेणाऱ्यांना यामुळे त्रास होतो. सांगितलेल्या तारखेला काम तयार असेल याची खात्री नसते, आणि दुकानाचा फोन दुपारी बहुधा उचलला जात नाही. मैफलीच्या आदल्या दिवशी वाद्य मिळेल या भरवशावर राहू नये. निदान आठवड्याचे अंतर ठेवावे. अडीअडचणीला काका स्वतःच्या संग्रहातला तबला वापरायला देतात, पण तो ओळखीच्या वादकांनाच. जागा अगदी अरुंद आहे, दोन माणसे बसली की तिसऱ्याने दारात उभे राहायचे, आणि कातड्याचा वास सहन न होणाऱ्यांना तेथे वेळ काढणे अवघड जाईल.

एक उणीव मला विशेष खटकते. काकांनी केलेल्या प्रत्येक तबल्याची, कोणत्या खोडावर कोणती पुडी, शाईचे किती थर, कोणासाठी, अशी नोंद ठेवली गेली तर पुढच्या दुरुस्तीला तिचा फार उपयोग होईल, आणि मुलाच्या शिक्षणालाही. आज ते सारे त्यांच्या स्मरणात आहे. स्मरण तल्लख आहे, माझ्या जुन्या तबल्याची पुडी कोणत्या हंगामात चढवली होती हेही ते सांगतात, पण मुलाला ते तसेच मिळेल असे नाही. मी एक कोरी वही नेऊन दिली होती. ती आता दुकानाच्या उधारीसाठी वापरली जाते.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सकाळी दहा ते एक हा वेळ चांगला, तेव्हा काका स्वतः असतात आणि ऐकून घ्यायला त्यांना सवड असते. आषाढी वारीच्या आधी पखवाजांचे आणि गणपतीच्या आधीचा महिनाभर ढोलकी-तबल्यांचे काम साचलेले असते, त्या काळात तातडीची दुरुस्ती सोडून काही नेऊ नये. दिवाळीनंतर हवा कोरडी होते. नवी पुडी किंवा नवी शाई करून घ्यायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सोबत आपली हातोडी आणि चुंबळ घेऊन जावे, कारण ते वादकाच्या नेहमीच्या चुंबळीवर ठेवूनच आवाज तपासतात. तबला एकट्याने नेऊ नये, डग्गाही न्यावा, जोड एकत्र ऐकल्याशिवाय ते काम हाती घेत नाहीत. आणि विद्यार्थी लहान असेल तर पालकांनी त्यालाच पुढे बसवावे. काकांचे प्रश्न त्याच्यासाठी असतात.